मार्क न विचारायच्या अटीवर

अंबाजोगाईत मुलीसाठी खोली बघायची तर भाडं किती आणि नळाला पाणी किती दिवसांनी, एवढं विचारलं की काम भागतं. आमच्या घरमालकांकडे एवढ्यावर भागायचं नाही. त्यांनी माझ्या पप्पांना हॉलमधल्या बुद्धमूर्तीसमोर मांडी घालून बसवलं आणि त्रिसरण-पंचशील म्हणायला सांगितलं. ते पप्पांना लहानपणापासून पाठ. डोळे मिटून, हात जोडून त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं. मग घरमालक म्हणाले, "आता माझ्यामागं म्हना. या घरात मी लेकराला मार्क विचारनार न्हाई."

पप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला मी दुसऱ्यांदा बसणार होते. पहिल्या वेळी थोडक्यात हुकलं होतं आणि ते थोडकं पप्पांच्या घशात अडकून बसलं होतं. मार्क विचारायचे नाहीत तर बापाने पोरीशी बोलायचं तरी काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. तरी त्यांनी शपथ घेतली, कारण खोली त्यांना काहीही करून हवी होती.

त्या घराचा लौकिकच तसा होता. घरमालकांचा मुलगा वरच्या खोलीत अभ्यास करून पहिल्याच फटक्यात मेडिकलला लागला होता आणि आता पुण्यात मोठा डॉक्टर होता. ती खोली आपल्या मुलीला मिळावी म्हणून केज, धारूर, परळीकडचे आईबाप ओळखी काढत यायचे. मुलाकडून अभ्यास कसा करून घेतला, असं कोणी विचारलं की घरमालक म्हणायचे, "जनावरावानी." लोक हसायचे. ते स्वतः हसायचे नाहीत, पण ते एरवीही हसत नसत, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही मुली त्यांना एक्सरे काका म्हणायचो. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. दम घ्या, धरा, सोडा, हे तीन शब्द त्यांनी जन्मभर येईल त्याला ऐकवले. निवृत्तीनंतर विहारात आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, शिकवायला लागले तेव्हाही आवाज तोच, फक्त मधलं 'धरा' तेवढं गाळलेलं. विहारातल्या भंतेजींनी एकदा समजावलं की श्वासाकडे नुसतं पाहायचं असतं, त्याला हुकूम सोडायचा नसतो. काका म्हणाले की मी हुकूम देत नाही, लोक विसरतात म्हणून आठवण देतो. भंतेजी हसले आणि तो विषय तिथेच संपला.

घराच्या खिडक्यांना पडदे नव्हते, जुन्या एक्स-रे फिल्मा चिकटवलेल्या होत्या. कुणाचा मोडलेला खुबा, कुणाचा गुडघा. दुपारचं ऊन त्यातून निळसर होऊन वहीवर पडायचं. माझ्या टेबलासमोर कुणा अनोळखी माणसाची छाती होती. बाकीच्या मुली तिच्यावर बोट ठेवून बरगड्यांची उजळणी करायच्या, मला मात्र तिच्याकडे बघितलं की उगाच राग यायचा. काढून टाका म्हटलं तर काका म्हणाले, तुझ्या परीक्षेपर्यंत ऊन वाढणार आहे, राहू दे.

शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. काकांनी टाकीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली करदोड्याला बांधली होती. केस धुवायचे असले की आम्हाला काकूंची मध्यस्थी लागायची. काकू शांत बाई, नवरा ओरडायला लागला की त्या फोडणी टाकायच्या, म्हणजे तो खोकायला लागायचा.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे शनिवार. दर शनिवारी प्रत्येक मुलीच्या आईने किंवा बापाने यायचंच. आधी सगळ्यांनी हॉलमध्ये डोळे मिटून बसायचं. बुद्धाला न मानणाऱ्यांनी आपापल्या देवाचं नाव घ्यावं, काकांची हरकत नव्हती, पण गप्प बसायचं. मग आपापल्या मुलीशी बोलायचं, आणि त्यात अभ्यास येता कामा नये. तुम्ही कधी करून बघा. सुरुवातीला सगळा हॉल भिंतीकडे बघत बसायचा. धारूरच्या एका आईला आणि तिच्या मुलीला आठवडेच्या आठवडे एक शब्द सापडला नाही. मग एका शनिवारी ती आई मुलीच्या डोक्यातल्या उवा बघायला लागली, आणि त्या दोघी ज्या बोलायला लागल्या त्या शेवटची एसटी चुकेपर्यंत बोलत राहिल्या.

एक गुरुजी होते, जिल्हा परिषदेच्या शाळेतले. त्यांनी शपथ मोडायची नाही म्हणून तोंड बंद ठेवलं आणि मांडीवर बोटं उघडून मुलीला खुणेनेच किती पडले ते विचारलं. काका डोळे मिटून बसलेले असत, पण त्यांचे डोळे किती मिटलेले असत ते देवच जाणे. त्यांनी गुरुजींना हाताला धरून बाहेर काढलं. पोरगी राहील, तुम्ही पुढचे दोन शनवार यायचं नाही, म्हणाले. सरकारी शिक्षकाला असं दारात उभं करणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघितला. गुरुजींची मुलगी मात्र त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली.

मला हा माणूस आवडायचा नाही, हे सरळ सांगते. मला वाटायचं, ज्याचा पोरगा डॉक्टर होऊन बसलाय त्याला असल्या अटी घालणं सोपं आहे. आमच्या घरात शिक्षण ही हौस नव्हती. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले, पण पप्पांचं नाव त्यांनी शाळेतून काढलं नाही. युसूफ वडगावच्या पुढे आमचं लहानसं गाव. तिथल्या दूध सोसायटीत आजोबांच्या म्हशीचं दूध चालायचं नाही. तोंडावर कोणी नको म्हणायचं नाही, पण रोज काहीतरी निघायचंच. कधी फॅट कमी, कधी वेळ टळलेली, कधी दूध फाटल्याचा वास. पप्पा शिकले आणि पुढे त्याच सोसायटीचे सचिव झाले. दूध घ्यायचं की नाही ते आता ते ठरवायचे. आता त्यांची पोरगी डॉक्टर व्हायची होती. एवढं सगळं माझ्या पुस्तकावर येऊन बसलेलं असताना हा म्हातारा म्हणतो, मार्क विचारू नका.

पप्पा शपथेचे पक्के. तोंडाने त्यांनी कधीच विचारलं नाही. दुष्काळामुळे सोसायटीने गावात चारा छावणी उघडली होती, तिच्याच गोष्टी ते मला सांगायचे. कुणाचा बैल कडब्याला तोंड लावत नाही, टँकर कुठे अडला, कोण म्हातारी आपल्या गाईपाशीच बाज टाकून राहते. मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं. फक्त निघताना ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "नक्की होनार तू डॉक्टर." आणि स्वयंपाकघरातून काकांचा आवाज यायचा की सचिव, चौथं शील मोडलं.

चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. पप्पांना याचा भयंकर राग यायचा. एकदा ते चपला घालता घालता थांबले आणि म्हणाले की लेकराला आशीर्वाद दिला तर ते खोटं कसं. काका हात पुसत बाहेर आले.

"उद्याचं तुमाला म्हाईत हाय का?"

"न्हाई."

"मंग जे म्हाईत न्हाई ते तिला नक्की म्हनून कशापायी सांगता? ती खरं मानून बसंल ना."

पप्पा गाडीला किक मारून गेले. मला पप्पांचीच बाजू बरोबर वाटली. आपल्या बापाने आपल्याला नक्की म्हणावं, असं कोणाला वाटत नाही? पण त्या रात्री पुस्तक उघडलं तेव्हा तो 'नक्की' पानावर बसलेला होता आणि हलत नव्हता.

क्लासमध्ये सराव परीक्षा व्हायच्या. माझे मार्क आधी वाढले, मग थांबले, मग उतरायला लागले. घरात कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी सांगत नव्हते. आणि अशात चौदा एप्रिलची जयंती आली. जयंतीला आमच्यातलं कोणी गावाबाहेर राहत नाही, मीही गेले.

एसटीतून उतरले आणि सोसायटीच्या भिंतीवर मला मी दिसले. भिंत झाकेल एवढा मोठा फ्लेक्स होता. दहावीच्या ओळखपत्रावरचा माझा चेहरा होता, आणि त्याखाली दुसऱ्याच कुणा बाईचं अंग जोडलेलं होतं, पांढरा कोट घातलेलं, गळ्यात स्टेथोस्कोप. वर तांबड्या अक्षरांत 'भावी डॉक्टर' आणि माझं नाव. खाली सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचा मोठा फोटो, संचालकांचे लहान, आणि अगदी कोपऱ्यात पप्पांचा, हात जोडलेला. आमच्याकडे भावी सरपंच असतात, भावी आमदार असतात, निवडणूक नसली तरी असतात. भावी डॉक्टर मी पहिलीच.

मी न्यायला आलेल्या पप्पांकडे बघितलं. ते फ्लेक्सकडे बघत होते. चेअरमनसाहेबांनी स्वतःहून लावला, पप्पांनी सांगितलं, आपण काही म्हटलं नव्हतं. गावातले मोठे जमीनदार, तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार नाव, त्यांनी आपल्या पोरीचा फोटो सोसायटीच्या भिंतीवर लावावा. पप्पांचे डोळे भरून आले होते. त्या भिंतीशी आजोबा दुधाची किटली घेऊन किती वेळा उभे राहिले असतील, हे त्यांनी न सांगताही मला समजत होतं. छावणीतली माणसं ओळीने मला बघायला आली. गाईपाशी बाज टाकून राहणाऱ्या त्या म्हातारीने तिच्या गुडघ्याला काय लावू ते मला विचारलं.

परत आले आणि माझं वाचणं बंद पडलं. म्हणजे पुस्तकासमोर बसायचे, ओळीवर बोट ठेवायचे, पण अक्षरं नुसती दिसायची, आत काही जायचं नाही. हातपाय गार पडायचे. घास तोंडात फिरायचा. मैत्रिणींना मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारी पप्पा आले, छावणीच्या गोष्टी सांगून गेले, जाताना डोक्यावर हात ठेवून नक्की म्हणाले. मी मान हलवली. सराव परीक्षेला त्या आठवड्यात मी गेलेच नव्हते.

एका दुपारी वीज गेली होती. बाकीच्या मुली क्लासला गेल्या होत्या. मी टेबलाशी बसले होते. पाण्याची पाळी सांगायला काका वर आले आणि दारातच थांबले.

"सोड," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"दम. धरून बसलीस तू. सोड आता."

मी श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर रडणंच बाहेर आलं. काका आत आले नाहीत. उंबऱ्यावर खाली बसले, पाठ चौकटीला टेकवून, आणि मी थांबेपर्यंत बसून राहिले. मग मी फ्लेक्सचं सांगितलं. तो कोट माझा नाही, ते अंग माझं नाही, आणि मी नापास झाले तर तो पप्पांच्या डोळ्यांसमोर तसाच राहील, असं काहीबाही बोलत गेले. मग मी विचारलं, "मी मेले तर काढतील का हो तो?"

ते दचकले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

"हे मनात येतंय, का नुसतं तोंडातनं निघालं?"

"येतंय."

"रोज?"

"रोज."

"बरं झालं बोललीस," ते म्हणाले, आणि मुली परत येईपर्यंत उंबऱ्यावरून उठले नाहीत. त्या दिवशीच माझं अंथरूण खाली काकूंच्या शेजारी गेलं. संध्याकाळच्या एसटीने आई आली. पप्पांना अजून काही सांगू नका, असं मी म्हटलं, तर काका म्हणाले की ते माझ्यावर सोड. सकाळी त्यांनी मला आणि आईला दवाखान्यात मनाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही, औषध दिलं आणि परत कधी यायचं ते सांगितलं. या आजाराचेही डॉक्टर असतात आणि त्यांच्याकडे रांग असते, हे मला त्या दिवशी कळलं. मग आम्ही तिघं तसेच एसटीने गावाला निघालो. वाटेत आई एकच वाक्य बोलली. तो फ्लेक्स मला पहिल्यापासूनच नको होता, पण माझं विचारतं कोण.

पप्पा छावणीत चाऱ्याच्या गाडीपाशी उभे होते. काकांनी त्यांना बाजूला, सोसायटीच्या ओट्यावर नेलं आणि झालं ते सगळं सांगितलं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. पप्पांचा चेहरा बघवेना. त्यांनी माझा हात धरला तो सोडेनात. क्लास बंद कर, परीक्षा देऊ नकोस, घरी ये, तुला पाहिजे ते कर, असं एका दमात म्हणत राहिले. मग काका म्हणाले की आधी तो फ्लेक्स काढा. पप्पांचा हात सैल झाला.

ते भिंतीकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमी आमच्यातलेच हाव. तुमालाच इचारतो. या भिंतीवर आमच्यातल्या मान्साचं तोंड कधी लागलंतं का? माझा बाप इथं किटली घेऊन उभा राहायचा. आन मी माझ्या हातानं काढू?"

"म्हाईत हाय मला," काका म्हणाले. "म्हनून तर तुमीच काढायचा. दुसऱ्यानं काढला तर तो अपमान हाय."

"लोक काय म्हनतील?"

"लोक मला बी लई चांगलं म्हनतात. याचा पोरगा डॉक्टर झाला म्हनतात. तुमी बी तेच ऐकून माझ्या दारात आलताव ना?" काका म्हणाले. त्यांचा आवाज दवाखान्यातला राहिला नव्हता. "मी त्याला त्या खोलीत घालून भाईरनं कडी लावायचो. कडी काढायचो ती पेपर तपासायला. तो लागला मेडिकलला. कडी काढली, आन तो गेला. त्याच्या लग्नाची पत्रिका मला पोस्टानं आली, सचिव. मी त्याचा बाप हाय, आन मला पोस्टानं."

आईने पदर तोंडाला लावला. मी त्या घरात इतके महिने राहत होते, त्याच खोलीत झोपत होते, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. खोलीच्या दाराला बाहेरून कडी नव्हती, कडीची भोकं होती, एवढं मला तेव्हा आठवलं.

पप्पांनी छावणीतून शिडी आणली. मी खाली धरून उभी राहिले. त्यांनी एकेक दोरी सोडली. वरची डावी बाजू सुटली तशी पांढऱ्या कोटाची बाई पुढे वाकली, आणि छावणीतली सगळी माणसं वैरण टाकायची थांबून बघायला लागली. कोणीतरी फोन केला असणार, कारण फ्लेक्स पुरता खाली यायच्या आत चेअरमनसाहेबांची गाडी आली.

सोसायटीची निवडणूक तोंडावर होती. दोन पॅनल, आणि आमच्या वस्तीची मतं कुणीकडे जातात यावर बरंच काही ठरायचं होतं. चेअरमनसाहेबांनी गाडीतून उतरून आधी खाली पडलेला स्वतःचा फोटो बघितला, मग पप्पांकडे. "सचिव, कोनत्या पॅनलमधी चाललाव?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानेच भीती वाटली.

"कुठंच न्हाई साहेब. पोरीला त्याचं भ्या वाटाय लागलंय. म्हनून काढला."

चेअरमनसाहेब हसले. त्यांच्या मागच्या माणसांनीही हसून घेतलं. फ्लेक्सचं कुणाला भय वाटतं, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांच्या हिशेबात फ्लेक्स लावणं आणि काढणं यांचा अर्थ एकच असतो, राजकारण. ते म्हणाले, का पोरगी नापास होणार ते आधीच कळलंय?

सगळी छावणी ऐकत होती. पप्पांनी शिडीवरून माझ्याकडे बघितलं. मी शिडी घट्ट धरली होती. ते आता नक्की म्हणतील असं मला वाटलं, आणि ते म्हणाले असते तर मी तिथून पळून गेले असते.

"होईल बी," पप्पा म्हणाले. "न्हाई बी होनार. मला म्हाईत न्हाई, साहेब. झाली तरी माझीच हाय."

चेअरमनसाहेब गाडीत बसून गेले. त्या संध्याकाळीच दुसऱ्या पॅनलची माणसं शाल आणि नारळ घेऊन आमच्या घरी आली, आणि पप्पांना त्यांनाही परत पाठवावं लागलं. खरं कारण गावात शेवटपर्यंत कोणी मानलं नाही. निवडणूक झाली आणि पप्पांचं सचिवपद गेलं. तो फ्लेक्स गाईपाशी राहणाऱ्या म्हातारीने सावलीला मागून नेला. गुडघ्याचं तिने मला परत विचारलं नाही.

परीक्षा मी दिली. द्यायचीच असं कोणी म्हटलं नाही, देऊ नको असंही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुला वाटलं तर दे. मला वाटलं. केंद्र बीडला आलं होतं. पप्पा गाडीवरून घेऊन गेले. फाटकाबाहेर आईबापांची गर्दी, सगळे आपल्या मुलांना शेवटचं काहीतरी सांगत होते. पप्पांचा हात सवयीने माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच थांबला. "पेपर कसा जाईल मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "मी हितं हाय, एवढं म्हाईत हाय." मी आत गेले आणि जेवढं येत होतं तेवढं लिहिलं.

निकाल लागला तेव्हा मी अंबाजोगाईलाच होते, औषध अजून चालू होतं. नापास मुलींचे आईबाप येणार असले की काका दर वर्षी दारातच उभे राहायचे, असं काकू सांगायच्या, आणि आत सोडण्याआधी सूचना द्यायचे. काही हरकत नाही म्हणू नका, तेही खोटंच आहे, पोरांना कळतं. त्या दिवशी मात्र ते सकाळपासून बेचैन होते. टाकीचं कुलूप उघडायचे, लावायचे, परत उघडायचे. आणि पप्पा एवढ्या लवकर आले की सूचना द्यायची राहूनच गेली.

पप्पा आत आले. मूर्तीला नमस्कार करून माझ्यासमोर फरशीवर बसले. त्यांनी विचारलं काहीच नाही. मी नापास झाल्याचं काकूंनी त्यांना फोनवर कळवलंच होतं.

"मला वाईट वाटलंय," ते म्हणाले. "लई वाईट वाटलंय. येताना गाडी बाजूला घेऊन थांबलो जरा. तुझ्यापासनं झाकून ठेवत न्हाई. पन राग न्हाई माझा. तुझ्यावर बी न्हाई, माझ्यावर बी न्हाई. घरी चल."

मी तेव्हा त्यांना मार्क सांगितले. वर्षभरात पहिल्यांदा, आणि न विचारता. त्यांनी ते ऐकले आणि मान हलवली.

"कमी हायत," ते म्हणाले.

"हो, कमी आहेत," मी म्हणाले.

एवढं बोलून झालं आणि छातीवरचं ओझं गेलं. रडायला आलं नाही. भूक लागली होती. काकूंनी आतून ताटं आणली आणि आम्ही दोघं बापलेक जेवलो, काकांच्या घरात, भर दुपारी. वाईट वाटत होतंच. ते असतानाही जेवता येतं, हे मला नवीन होतं.

काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मी माझी पिशवी भरली. निघायच्या वेळी ते हातात फोन घेऊन पप्पांसमोर आले.

"सचिव," ते म्हणाले, "काय इचारायचं न्हाई ते मी समद्यांना शिकवलं. काय बोलायचं ते मलाच येत न्हवतं. आता पोराला फोन लावला तर मी काय बोलू?"

"तुमाला काय वाटतंय ते," पप्पा म्हणाले.

काका मूर्तीसमोर खाली बसले आणि नंबर लावला. पलीकडे फोन उचलला गेला, तसं त्यांनी आधी आपलं पूर्ण नाव सांगितलं, परक्या माणसाला सांगावं तसं. मग म्हणाले, "मला त्या कडीचं लई वाईट वाटतंय, बाळा."

उत्तर काय आलं ते आम्ही ऐकलं नाही. पप्पांनी माझी पिशवी उचलली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि आम्ही बाहेर उन्हात जाऊन उभे राहिलो.